शाबासकी कशाची?

मुंबई-आग्रा महामार्गाने सोनगीर सोडून शिरपूरकडे निघाले की नरडाणा लागते. शिंदखेडा तालुक्यातले गाव, उधना-जळगाव लोहमार्गावरचे स्टेशन, आणि आताची मोठी ओळख म्हणजे एमआयडीसी. केंद्र सरकारने १९८८ मध्ये विकास केंद्रांची योजना आणली, तेव्हा धुळे जिल्ह्याचे केंद्र इथे आले. पुढे कितीतरी वर्षे प्लॉट रिकामेच पडून होते. आता सिमेंटचा कारखाना आहे, इतर लहानमोठे उद्योग आहेत, धुळे-नरडाणा रेल्वेमार्गाचे भूमिपूजन २०१९ मध्ये झाले आहे. आसपासच्या गावांतली पोरे, ज्यांचे बाप कापूस वेचत होते, ती आता शिफ्टमध्ये कामाला जातात.

अशा कारखान्यांच्या गेटवर किंवा ऑफिसात एक फलक हमखास असतो. ‘आमची मूल्ये’. खाली चार-पाच शब्द : प्रामाणिकपणा, सुरक्षितता, गुणवत्ता, परस्पर आदर. कधी मराठीत, बहुतेक वेळा इंग्रजीत, म्हणजे ज्याने ते पाळायचे त्याला वाचताच येऊ नयेत अशा बेताने. शेजारी दुसरा फलक असतो, ‘महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी’. त्यावर एक फोटो आणि नाव. मला या दोन फलकांमधल्या भिंतीविषयी लिहायचे आहे. पहिल्या फलकावरचे शब्द आणि दुसऱ्या फलकावरचा माणूस यांचा एकमेकांशी संबंध काय, हे बहुधा कोणीच सांगू शकत नाही. फोटोतल्या माणसाची हजेरी पूर्ण असते, त्याने खाडा केलेला नसतो, त्याच्या मशीनचे उत्पादन जास्त असते. हे सगळे चांगलेच आहे, पण त्यात मूल्य कुठे आले?

मूल्य कुठे येते, ते आपल्या खान्देशातल्याच एका कामावरून सांगतो. जिनिंगवर किंवा मार्केटला वजनकाट्यावर बसणारा माणूस घ्या. कापसाची गाडी काट्यावर चढते, शेतकरी खाली उभा असतो, त्याला आकडा दिसतो पण काटा कसा लावला आहे ते दिसत नाही. ‘काटा मारणे’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे लहान मुलालाही समजतो. आता समजा काट्यावरचा माणूस सरळ आहे. मालकाने सुचवले तरी तो वजन मारत नाही. त्याच्या सरळपणामुळे मालकाचे दर गाडीमागे काही किलो ‘नुकसान’ होते. फलकावर पहिला शब्द प्रामाणिकपणा आहे. तर मग महिन्याचा उत्कृष्ट कर्मचारी हाच व्हायला हवा. तुम्ही कधी झालेला पाहिला आहे का? मी पाहिलेला नाही. उलट अशा माणसाला काट्यावरून हलवून गोदामात पाठवतात आणि ‘त्याला जमत नाही’ म्हणतात. मापात खोट करणाऱ्यांवर कुरआनात एक आख्खी सूरह त्यांच्याच नावाने आहे, अल-मुतफ्फिफीन. माझ्या मुस्लीम वाचकांपैकी ज्यांचे धान्याचे, भंगाराचे, कापसाचे काटे आहेत, त्यांनी ती पाठ केलेली असते. काट्यावर बसवलेल्या नोकराला त्यांनी या गोष्टीसाठी कधी शाबासकी दिली आहे का, एवढेच विचारतो.

मूल्य पाळले की बहुतेक वेळा काहीतरी घडत नाही. अपघात होत नाही, फसवणूक होत नाही, भेसळ होत नाही. जे घडले नाही त्याचा फोटो काढता येत नाही, म्हणून त्याला बक्षीसही मिळत नाही. उत्पादन मोजता येते, हजेरी मोजता येते, टाळलेली आफत मोजता येत नाही. हीच खरी अडचण आहे, आणि काही जुन्या सरकारी खात्यांनी ती खासगी कंपन्यांपेक्षा बरी सोडवली आहे, हे सांगितले तर अनेकांना पटणार नाही.

एसटीचे उदाहरण पाहा. पंचवीस वर्षे विनाअपघात गाडी चालवणाऱ्या चालकाचा एसटी महामंडळ सपत्नीक सत्कार करते. या चालकाने वेगळे असे काय केले? काहीच नाही. पंचवीस वर्षे त्याच्या गाडीखाली कोणी आले नाही, गाडी दरीत गेली नाही. म्हणजे न घडलेल्या गोष्टीचाच हा सन्मान आहे. शिवाय बायकोला सोबत बोलावतात, हेही मला योग्य वाटते. रात्रीची ड्युटी करून आलेल्या माणसाला दिवसा झोपू देण्यासाठी घरातली पोरे गप्प बसवणारी तीच असते. (त्याच एसटीच्या कर्मचाऱ्यांना २०२१ च्या नोव्हेंबरपासून कित्येक महिने संपावर राहावे लागले, हेही विसरू नये. सत्काराचा नारळ आणि वेळेवरचा पगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याकडे पुढे येतो.)

रेल्वेचे तर त्याहून बारीक आहे. मध्य रेल्वेत महाव्यवस्थापकांचा संरक्षा पुरस्कार असतो. मुंबई, भुसावळ, नागपूर, पुणे, सोलापूर या विभागांतल्या काही कर्मचाऱ्यांना तो ठराविक काळाने दिला जातो. पदक, प्रशस्तिपत्र आणि दोन हजार रुपये रोख. दोन हजार म्हणजे काहीच नाही, असे कोणी म्हणेल. पण त्याची बातमी नीट वाचा. त्यात ‘उत्कृष्ट सेवेबद्दल’ असले गुळगुळीत शब्द नसतात. अमुक तारखेला, अमुक स्टेशनवर, जाणाऱ्या मालगाडीच्या चाकातून धूर निघताना या पॉइंट्समनने पाहिले आणि लगेच गाडी थांबवायला लावली. किंवा गस्तीवर असताना या ट्रॅकमनला रुळाला तडा दिसला आणि त्याने गाडी रोखली. कोणी, कधी, काय पाहिले आणि मग काय केले, एवढेच. वाचणाऱ्या दुसऱ्या ट्रॅकमनला त्यातून कळते की उद्या आपल्याला असे दिसले तर काय करायचे आणि ते केले तर वरचे लोक रागावणार नाहीत. गाडी उशिरा झाली म्हणून कोणी ओरडणार नाही. प्रशस्तिपत्राचा हा उपयोग आहे. ज्याला मिळाले त्याच्यापेक्षा ज्यांना मिळाले नाही त्यांच्यासाठी ते असते.

वांगणीच्या मयूर शेळके यांचे नाव सगळ्यांना आठवत असेल. १७ एप्रिल २०२१ ला दृष्टिहीन आईचा हात सुटून मूल रुळांवर पडले, समोरून गाडी येत होती, आणि हा पॉइंट्समन रुळांवरून धावत गेला, मुलाला फलाटावर ढकलून स्वतः वर चढला. रेल्वे मंत्रालयाने पन्नास हजार रुपये जाहीर केले, त्यातले अर्धे त्यांनी त्या मुलाला देऊन टाकले. देशभर कौतुक झाले ते व्हायलाच हवे होते. पण ते झाले कारण सीसीटीव्हीत दिसले. नरडाण्यासारख्या स्टेशनवर रात्री अडीच वाजता हिरवा कंदील दाखवत जाणाऱ्या गाडीची एकेक चाके बघत उभा असलेला पॉइंट्समन कोणत्या व्हिडिओत येणार? म्हणून तो दोन हजारांचा पुरस्कार मला पन्नास हजारांच्या बक्षिसाइतकाच महत्त्वाचा वाटतो. पन्नास हजार वर्षातून एकदा कोणाला तरी मिळतील, तो पुरस्कार मात्र नेमाने मिळतो आणि कॅमेऱ्याची वाट बघत नाही.

सन्मानाची दुसरी बाजूही रेल्वेतच सापडते. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरमधली रात्र. भोपाळ स्टेशनवर उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर ड्युटीवर होते. विषारी वायू पसरत असताना फलाटावर प्रवाशांनी भरलेली एक्स्प्रेस उभी होती. सुटायला वेळ होता, वरून परवानगी नव्हती. त्यांनी जबाबदारी स्वतःवर घेऊन गाडी वेळेआधी सोडली, शेजारच्या स्टेशनांना मदतीसाठी कळवले, आणि स्वतः स्टेशन सोडले नाही. त्यांचे स्वतःचे कुटुंब त्याच शहरात, त्याच हवेत होते. त्या रात्री रेल्वेचे अनेक कर्मचारी ड्युटीवरच मेले. दस्तगीर वाचले, पण वायूने शरीर पोखरले होते, पुढची वर्षे दवाखान्यात गेली आणि २००३ मध्ये ते वारले. भोपाळ स्टेशनवर त्या रात्री ड्युटीवर मेलेल्यांचे स्मारक आहे. त्यावर दस्तगीरांचे नाव नाही, कारण ते त्या रात्री मेले नव्हते. नियमाने बघितले तर बरोबर आहे, आणि नेमके हेच खटकते. आम्ही माणूस मेला की त्याचे मूल्य मोजतो. २०२३ मध्ये एक वेब मालिका आली तेव्हा पुष्कळ लोकांना त्या रात्रीचे स्टेशन पहिल्यांदा कळले.

आता एक असे उदाहरण, ज्यात सन्मान झाला पण कशाचा झाला हे विचारावे लागते. १० जुलै २०१७ ला अनंतनागजवळ अमरनाथ यात्रेकरूंच्या बसवर अतिरेक्यांनी गोळीबार केला. गुजरातची बस, चालक सलीम शेख. अनेक यात्रेकरू मारले गेले, शेजारी बसलेला बसमालकाचा मुलगाही गोळी लागून जखमी झाला. सलीमने गाडी थांबवली नाही, अंधारात तशीच पळवत सुरक्षित ठिकाणापर्यंत नेली. बाकीचे प्रवासी त्यामुळे वाचले. त्याला उत्तम जीवन रक्षा पदक मिळाले, सरकारांनी बक्षिसे जाहीर केली. चांगले झाले. पण त्या आठवड्यातली वर्तमानपत्रे आणि आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचे संदेश आठवा. ‘मुसलमान चालकाने हिंदू यात्रेकरूंना वाचवले’ हा सगळ्यांचा मथळा. त्यांचाही आणि आपलाही. आपण तर तो जास्तच फिरवला. सलीम शेख त्या क्षणी काय होता? चालक होता. गाडीत बसलेल्या माणसांची जबाबदारी चालकावर असते, ती त्याने गोळ्या लागत असताना पाळली. कुठल्याही डेपोतला चालक त्यातून शिकू शकला असता. आपण त्याला जातीय सलोख्याचे पोस्टर करून टाकले, आणि त्याचे कसब, त्याचे डोके शांत ठेवणे, त्याचा कामाचा धर्म, हे सगळे पोस्टरखाली झाकले गेले. सन्मान करताना माणसाने काय केले हे सांगा, तो कोण आहे हे नंतर.

सरकारच्या कामगार पुरस्कारांकडेही बघायला हवे. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ १९५३ पासून आहे. मंडळ रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नावाने गुणवंत कामगार पुरस्कार देते. नाव फार योग्य निवडले आहे. गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली ती लोखंडे यांच्या चळवळीमुळे. पण पुरस्कारासाठी अर्ज कामगारानेच करायचा. सोबत प्रमाणपत्रे, कात्रणे, फोटो. नोकरी सांभाळून साहित्य, समाजकार्य, खेळ, रक्तदान असे काय काय केले त्याची फाइल. ही कामे छान आहेत, माझे आक्षेप त्यांना नाहीत. पण ज्याने मशीनचे गार्ड काढून काम करायला नकार दिला आणि त्यासाठी शिव्या खाल्ल्या, त्याच्याकडे कात्रण कुठून येणार? अर्ज करून मागावा लागणारा सन्मान मागणाऱ्यालाच मिळतो. आणि कंत्राटी कामगार तर या रांगेत उभाच राहू शकत नाही. आज ठेकेदाराकडे इथे, उद्या दुसऱ्या ठेकेदाराकडे तिथे, त्याच्या सेवेची वर्षे कोण मोजणार? एमआयडीसीतली सगळ्यात धोक्याची कामे मात्र तोच करतो. भट्टीजवळ तो, टाकीत उतरणारा तो, पत्र्यावर चढणारा तो.

धोका म्हटले की शिरपूर आठवते. नरडाण्याहून फार लांब नाही. ३१ ऑगस्ट २०१९ ला वाघाडी इथल्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, बारापेक्षा जास्त माणसे गेली, आसपासची घरे हादरली. त्या कारखान्यात काय झाले त्याची चर्चा इथे करत नाही. मला प्रश्न पडतो तो सगळ्याच कारखान्यांविषयी. रात्रपाळीत एखाद्या हेल्परला वाटले की वास वेगळा येतो आहे, किंवा टाकी जास्त तापली आहे, तर त्याला काम थांबवण्याचा अधिकार आहे का? आणि थांबवून काहीच निघाले नाही, तर सकाळी त्याचे काय होईल? टोयोटाच्या कारखान्यात कामगाराला दोरी ओढून लाइनवर मदत बोलावता येते आणि गरज पडली तर लाइन थांबवता येते, आणि अडचण दाखवली म्हणून आभार मानायचे अशी पद्धत आहे. इकडे नरडाण्यात माझ्या ओळखीच्या एका मुलाने कन्व्हेअर थांबवला, कारण पट्ट्याजवळ कोणाचा तरी गमछा अडकताना दिसला. गमछा निघाला, माणूस सुखरूप. सुपरवायझरने विचारले, किती मिनिटे बंद होते? गमछ्याविषयी एकही शब्द नाही. तो मुलगा मला म्हणाला, चाचा, पुढच्या वेळी मी आधी घड्याळ बघेन. तो हसत म्हणाला, पण मला हसू आले नाही.

यावर कंपन्यांचे उत्तर म्हणजे ‘अपघातविरहित दिवस : इतके’ असा फलक. तो चांगला वाटतो. पण दिवस वाढले की सगळ्यांना मिठाई आणि बोनस असे ठरवले की बोट कापलेला माणूस बोट फडक्यात गुंडाळून घरी जातो, कारण त्याच्यामुळे सगळ्यांची मिठाई जाईल. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने २०१६ मध्ये अशा बक्षिसांबाबत इशारा दिला होता. ज्यामुळे दुखापत लपवावीशी वाटते, ते बक्षीस सुरक्षिततेचे नाही. बक्षीस जखम सांगणाऱ्याला द्या.

फलकावरचे शब्द मोठे आणि आतला कारभार दुसराच, याचे ठळक उदाहरण महाराष्ट्राने जवळून पाहिले आहे. दाभोळला वीज प्रकल्प आणणाऱ्या एन्रॉन कंपनीची चार मूल्ये जाहीर होती : आदर, सचोटी, संवाद, उत्कृष्टता. डिसेंबर २००१ मध्ये हिशेबातल्या लबाडीने ती बुडाली. त्या कंपनीत बक्षिसे मिळत नव्हती असे नाही, भरपूर मिळत होती. आकडे फुगवणाऱ्यांना.

मग नीट कुठे झाले? ताज हॉटेल समूहाने २००१ मध्येच आपल्या लोकांच्या चांगल्या कामाची नोंद करणारी योजना सुरू केली. त्यात पाहुणे किंवा सहकारी कोणाचेही नाव सुचवू शकत, आणि सुचवलेल्यावर वरिष्ठांनी लगेच उत्तर द्यायचे, वर्षभर थांबायचे नाही. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईच्या ताजमध्ये वेटर, टेलिफोन ऑपरेटर, स्वयंपाकी पाहुण्यांना बाहेर काढत राहिले, काही जण त्यात मेले. त्या योजनेमुळेच ते असे वागले, हे म्हणणे फार होईल. माणसे घरूनही काही घेऊन येतात. पण रोज छोट्या गोष्टीची दखल घेतली जात असेल तर मोठ्या दिवशी ‘हे माझे काम आहे का’ असा प्रश्न पडत नाही, एवढे मला पटते.

आता आपल्या घराकडे वळतो. धुळ्यात, मालेगावात हातावरच्या पोटाची कामे आपली माणसे करतात आणि करून घेतातही. यंत्रमाग, गॅरेज, वेल्डिंग, बेकरी. इथे ‘आमची मूल्ये’ असा फलक नसतो, पण अमानत, हलाल रोजी, बरकत हे शब्द दिवसातून दहा वेळा ऐकू येतात. मजुराची मजुरी घाम वाळायच्या आत द्यावी ही शिकवण जुम्म्याच्या बयानात ऐकून शेठ बाहेर येतो आणि मजुराला म्हणतो, सोमवारी ये. रमजानमध्ये जकात काढायला हाच शेठ हात आखडता घेत नाही, हेही खरे. त्याच्याकडे वीस वर्षे माग चालवणारा कारागीर असतो, ज्याने खराब सूत कधी चांगल्यात मिसळले नाही. त्या कारागिराला ईदला कपडे मिळतात, ते सगळ्यांनाच मिळतात. ‘तुझ्यामुळे माझा माल परत येत नाही’ हे वाक्य त्याला वीस वर्षांत ऐकायला मिळत नाही. शेठला भीती असते की असे म्हटले तर तो पगार वाढवून मागेल. मागू द्या की! त्याने तो कमावला आहे.

आणि पगाराची गोष्ट इथेच येते. कामगार संघटनांचे जुने लोक म्हणतात की हे सत्कार म्हणजे वाढीव पगार टाळायची युक्ती. ते अगदीच खोटे नाही. नरडाण्याच्या एका कार्यक्रमानंतर शाल घेऊन बाहेर पडलेला एक जण अहिराणीत म्हणाला, ‘फोटू तं काढी लिन्हा भाऊ, पगारनं काय?’ किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, ओव्हरटाइमचे पैसे, हे ज्याला मिळत नाही त्याला शाल देणे ही चेष्टा आहे. आधी ते, मग शाल. पण त्याची उलटी बाजूही आहे. पगार नीट मिळत असूनही माणसाला ‘मी केले ते कोणी पाहिले’ असे वाटावे लागते. ते फक्त पैशाने भागत नाही, नाहीतर त्या दोन हजारांच्या पदकाला ट्रॅकमनने घरात भिंतीवर कशाला लावले असते?

दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. कारखान्यांत प्रतिज्ञा होते, घोषवाक्य स्पर्धा होते, प्रमुख पाहुणे येतात. नरडाण्यातल्या एखाद्या कारखान्याने यंदा एवढेच करून पाहावे. पाहुण्यांचे भाषण दहा मिनिटे कमी करावे आणि त्या वेळात वर्षभरातल्या पाच प्रसंगांचे वाचन करावे : तारीख, पाळी, कोणी काय पाहिले, काय थांबवले, त्यामुळे किती मिनिटे उत्पादन बंद राहिले. मिनिटांचा आकडा मुद्दाम वाचावा. नावे सुचवण्याचे काम सुपरवायझरकडे न देता त्या पाळीतल्या लोकांकडे द्यावे, आणि ठेकेदाराच्या हजेरीपुस्तकातली नावेही त्यात असावीत. तो कन्व्हेअर थांबवणारा मुलगा ठेकेदाराच्याच पुस्तकात आहे, आणि पुढच्या महिन्यात त्याचा ठेका संपतो आहे.